जिल्हा कारागृहात बंद्यांसाठी उपक्रम सुरू करताय? शिलाई मशीन नंतर, आधी हे करा

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो. "आमच्याकडे दहा शिलाई मशीन पडून आहेत, जेलमध्ये तीन महिन्यांचा कोर्स लावायचाय, परवानगी कशी काढायची?" परवानगीचं नंतर सांगतो, पण हा कोर्स बहुतेक वेळा फसतो आणि आमचाही फसलाय. वीस जणांची बॅच होती, पाचव्या आठवड्यात तीन उरले. कुणी जामिनावर सुटला, कुणाला दुसऱ्या जेलला वर्ग केलं, कुणाची नेमकी क्लासच्या दिवशी तारीख लागली. मशीन मात्र जागेवर होत्या.

सेंट्रल जेल आणि जिल्हा जेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोक विसरतात. येरवडा, नाशिकरोड, नागपूर, कळंबा अशा मध्यवर्ती कारागृहांत कारखाने आहेत, तिथे लांब शिक्षेचे पक्के कैदी असतात, नाशिकरोडचे बंदी गणपतीच्या मूर्ती करतात ते आपण पेपरात वाचतो. जिल्हा जेलात बहुतेक सगळे न्यायाधीन, म्हणजे खटला अजून संपायचाय असे कच्चे कैदी. २०२२ च्या शेवटी देशभरातल्या ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते, चारातले तीन. जिल्हा जेलात हे प्रमाण डोळ्यांनीच दिसतं. तो माणूस उद्या सुटेल की तीन वर्षांनी, हे त्यालाही माहीत नसतं. म्हणून इथलं पुनर्वसन कागद आणि जामिनापासून सुरू होतं, क्लास मागून येतो. खालचा क्रम त्यासाठीच दिलाय, तो उलटा करू नका.

१) आत जायच्या आधी: जेलची माहिती काढा

अर्ज लिहायच्या आधी पंधरा दिवस द्या. मंजूर क्षमता किती, प्रत्यक्षात किती बंदी आहेत, महिला विभाग आहे का, बसायला हॉल आहे की नुसतं झाडाखालचं पटांगण, व्हिडिओ कॉन्फरन्सची खोली किती वाजता भरलेली असते, ही माहिती हवी. जेलात आधीपासून कोण येतंय तेही विचारा. बऱ्याच ठिकाणी योगवाले, प्रवचनवाले, वाचनालयवाले येतच असतात आणि सगळ्यांना तोच हॉल आणि तीच वेळ पाहिजे असते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून या कामात आहे, तुमच्या जेलात त्यांचे सामाजिक कार्यकर्ते असतील तर आधी त्यांना भेटा, तेच काम दुसऱ्यांदा करण्यात अर्थ नाही.

मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना भेटा, म्हणजे डीएलएसए. हे लोक जिल्हा न्यायालयाच्या आवारातच बसतात. तुमचं अर्धं काम त्यांच्याशिवाय हलणार नाही आणि त्यांची शिफारस असली की जेलमध्येही दार लवकर उघडतं.

तपासा: तुमच्या टीममधल्या कुणाचा नातेवाईक किंवा ओळखीचा माणूस त्याच जेलात आहे का? असेल तर अर्जातच लिहा. नंतर कळलं तर सगळा उपक्रम बंद होतो.

२) परवानगीचा अर्ज

एक-दोन तासांचा कार्यक्रम असेल तर तो बऱ्याचदा अधीक्षकांच्या पातळीवर होतो. वर्षभराचं म्हटलं की फाईल वर जाते, विभागीय उपमहानिरीक्षक आणि तिथून पुण्याला कारागृह व सुधारसेवा मुख्यालयात. याला वेळ लागतो, धरून चाला.

अर्ज दोन पानांपेक्षा मोठा नको. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, फोटो, ओळखपत्र, पोलीस पडताळणी, कुठल्या वाराला किती वाजता किती जण, आत काय सामान नेणार याची यादी (पेनं किती, वह्या किती, हो, इतकं बारीक), आणि जेल प्रशासनाकडून काय लागणार. हा शेवटचा मुद्दा लोक गाळतात. साहेबांच्या डोक्यात पहिला प्रश्न असतो, माझे किती शिपाई यात अडकणार? स्टाफ आधीच कमी असतो. "आम्हाला एक शिपाई, आठवड्यातून दोन तास" असं स्पष्ट लिहा, फाईल पुढे सरकते.

अर्जात "कैद्यांचं मनपरिवर्तन" वगैरे लिहू नका राव. न्यायाधीन माणसाचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही, परिवर्तन कशाचं करताय?

थांबा: मीडियाला बोलावणं, बंद्यांचे फोटो, फेसबुकवर पोस्ट, यातलं काहीही अर्जात आणि डोक्यात नको. ब्लँकेट वाटपाचा फोटो टाकून एका ग्रुपची परवानगी गेलेली मी बघितलीय, आणि फोटोतल्या पोराची बहीण लग्नाची होती.

३) वेळापत्रक: जेलच्या घड्याळाप्रमाणे

सकाळी बरॅक उघडतात, मोजणी, चहा-नाश्ता, मग कोर्टात जाणारे गेटवर. दुपारी जेवणानंतर पुन्हा काही तास बरॅक बंद, तीनच्या आसपास उघडतात, आणि संध्याकाळचं जेवण लवकर देऊन अंधाराच्या आधी सगळे आत. म्हणजे तुमच्या हातात सकाळचे दोन तास किंवा दुपारचा दीड तास. त्यातही गेटवरची झडती आणि रजिस्टर यात वीस मिनिटं जातात, बाकीच्या गडबडीत अजून दहा. दोन तासांचा प्लॅन केलात तर शिकवायला दीड तास मिळतो, तेवढाच धरा.

मुलाखतीच्या म्हणजे नातेवाईकांच्या भेटीच्या वेळेला क्लास लावू नका. कुणीही येणार नाही आणि यायलाही नको.

गेटच्या आत जाताना मोबाईल, स्मार्टवॉच, पेनड्राइव्ह, तंबाखू, जास्तीची रोकड सगळं बाहेर ठेवा. स्वतःचे खिसे स्वतः दोनदा तपासा, जुन्या जॅकेटच्या खिशात सापडलेली गायछापची पुडी माणसाला लय महागात पडते.

आणि सगळ्यात मोठा नियम: चिठ्ठी नाही, निरोप नाही, फोन नंबर पोचवणं नाही. "ताई, फक्त आईला सांगा मी बरा आहे" हे ऐकून जीव तुटतो, तरी नाही. तो निरोप तुरुंगाधिकाऱ्यांना सांगून, रजिस्टरला नोंद करून पोचवा. साधा वाटणारा निरोप साक्षीदाराला धमकी असू शकतो, तुम्हाला ते कळणारही नाही.

४) पहिला महिना: फक्त ओळख आणि एक पानी फॉर्म

पहिल्या महिन्यात काहीच शिकवायचं नाही, प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं आणि एक फॉर्म भरायचा. नाव, वय, गाव, शिक्षण, काम काय करायचा, आत आल्याची तारीख, कलमं कुठली, कोर्ट कुठलं, पुढची तारीख, वकील आहे का, असेल तर सरकारी की खाजगी, जामीन झालाय का, दुसऱ्या कुठल्या केस आहेत का, घरचं कोण भेटायला येतं, शेवटचं कधी आलं, आधार-रेशनकार्ड आहे का, दारू-नशा, आजार, गोळ्या.

जातीचा रकाना ठेवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाने जेलमधली जातीवर आधारित कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि रजिस्टरमधले जातीचे रकाने काढायला सांगितले. जे जेलने काढायचंय ते आपण फॉर्ममधून परत आत नेऊ नये.

"काय केलंस?" हा प्रश्न विचारायचा नाही. कलम विचारा, गोष्ट नको. एक तर त्याने तुम्हाला सांगितलेलं उद्या केसमध्ये त्रासाचं ठरू शकतं, दुसरं म्हणजे तुमच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते लपत नाही आणि तो बंद होतो तो कायमचा.

नवीन आलेल्यांकडे आधी बघा. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो. नशा एकदम सुटल्याने हातपाय थरथरतात, झोप नाही, घरी कळलंय की नाही ते माहीत नाही, जीव द्यायचे विचारही याच दिवसांत येतात. असं काही जाणवलं तर पुढच्या वाराची वाट न बघता त्याच दिवशी जेलच्या डॉक्टरांना आणि अधिकाऱ्यांना सांगा.

तपासा: महिनाअखेर तुमच्याकडे तीन याद्या तयार पाहिजेत. वकील नसलेले, जामीन होऊनही आत असलेले, आणि सहा महिन्यांत घरचं कुणीही न आलेले. पुढचं सगळं काम या याद्यांवरून चालतं.

५) कागद आणि जामीन: इथेच जास्त वेळ द्या

पहिली यादी, वकील नसलेले. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्नाची अट नाही, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ मध्येच तो आहे. अर्ज जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रातून डीएलएसएकडे जातो आणि लोकअभिरक्षक कार्यालयातला किंवा पॅनलवरचा वकील मिळतो. हेल्पलाईन १५१००. तुम्ही फक्त अर्ज गेला का, वकील नेमला का, आणि तो वकील माणसाला एकदा तरी भेटला का, याच्या मागे लागायचं. तिसरं सगळ्यात अवघड असतं.

दुसरी यादी जामीन होऊनही आत असलेल्यांची. बाहेरच्या लोकांना हे खरं वाटत नाही पण प्रत्येक जेलात असे असतात. कोर्टाने पंधरा-वीस हजारांचा जामीन दिला, जामीनदार पाहिजे, त्याचा सातबारा किंवा घरपट्टीची पावती पाहिजे, कधी तहसीलचा ऐपतीचा दाखला, आणि माणूस बिहारचा किंवा जालन्याहून पुण्यात आलेला ऊसतोड कामगार. कुठून आणणार तो जामीनदार?

यावर सुप्रीम कोर्टाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत, ते पाठ करून ठेवा. जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने जेलला जायला पाहिजे. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी डीएलएसएच्या सचिवांना कळवायचं. महिना उलटला तरी जामीन भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अटी सैल करायचा विचार करू शकतं. स्थानिकच जामीनदार पाहिजे असा हट्ट नको, हेही त्यात आहे.

पैशाचाच प्रश्न असेल तर केंद्राची २०२३ ची गरीब बंद्यांना मदत योजना आहे. २०२३ च्या नियमांत न्यायाधीन बंद्याला जामिनासाठी ४०,००० पर्यंत आणि पक्क्या कैद्याला दंड भरायला २५,००० पर्यंत होते, आताची मर्यादा डीएलएसएला विचारून घ्या. जिल्ह्याच्या समितीपुढे प्रकरण जातं आणि पैसे कोर्टात भरले जातात, बंद्याच्या हातात येत नाहीत. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, एनडीपीएस (अमली पदार्थ), यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) यातल्या केसना ती लागू नाही. पहिलं प्रकरण हलायला वेळ लागेल, दुसऱ्यापासून कारकून तुम्हाला ओळखतो.

आता कलम ४७९. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यातलं हे कलम. त्या गुन्ह्याला जास्तीत जास्त जेवढी शिक्षा आहे तिच्या निम्मा काळ आत काढला असेल तर जामिनावर सोडायचं, आणि आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांशालाच. सात वर्षांची कमाल शिक्षा असेल तर पहिल्यांदाच अडकलेल्याला दोन वर्षं चार महिने, बाकीच्यांना साडेतीन वर्षं. जुन्या केसनाही हे लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं. कोर्टाकडे लेखी अर्ज करायची जबाबदारी जेल अधीक्षकांची आहे, म्हणजे तुम्ही नुसती तारखांची यादी काढून दिलीत तरी काम होतं.

मोजताना होणाऱ्या चुका:
- फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद असलेला गुन्हा यात बसत नाही, पण लोक नुसतं "३०७ आहे" (जुन्या आयपीसीतलं खुनाच्या प्रयत्नाचं कलम) वगैरे ऐकून यादीतून नाव काढतात. पूर्ण कलम पोटकलमासकट बघा.
- आधी अटक झालेली म्हणजे आधी शिक्षा झालेली नव्हे. निर्दोष सुटलेला माणूस पहिल्यांदाच अडकलेल्यातच धरायचा.
- एकापेक्षा जास्त केस चालू असतील तर या कलमाचा फायदा अडतो, म्हणून फॉर्ममधला "दुसऱ्या केस" हा रकाना रिकामा सोडायचा नाही.

थांबा: "तुझा जामीन होईल" हे वाक्य तुमच्या तोंडून कधीही येऊ नये. "अर्ज गेलाय, पुढची तारीख अमुक" एवढंच. तुम्ही बोललेला एक शब्द तो रात्री बरॅकमध्ये दहा वेळा आठवतो.

आधारचंही इथेच उरकून घ्या. कागद नसलेल्या बंद्याची नोंदणी तुरुंगाधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याच्या प्रवेश कागदावर होऊ शकते. कॅम्प लावायला साहेबांना सांगा, एका दिवसात वीस-तीस जणांचं होतं. आधार नसलं की बाहेर सिमकार्ड, खातं, भाड्याची रूम, सगळंच अडतं.

६) आता क्लास, पण तुकड्यांचा

प्रत्येक सेशन स्वतंत्र पाहिजे. आज आलेला आणि उद्या सुटणारा, दोघांच्याही पदरात काहीतरी पडलं पाहिजे. आमच्याकडे टिकलेले विषय सांगतो: आपल्या केसचा कागद कसा वाचायचा, सही आणि नाव लिहिणं (अंगठा मारणारे भरपूर असतात), ड्रायव्हिंग लायसन्सच्या परीक्षेचे प्रश्न, मोबाईल रिपेअरिंगची तोंडओळख, घरी पत्र लिहिणं, रागाच्या वेळी काय करायचं यावर गप्पा. पत्राच्या सेशनला सगळ्यात जास्त गर्दी होते, का ते तिथे बसल्यावर कळतं.

न्यायाधीन बंद्याला काम किंवा क्लास सक्तीचा नाही. हजेरी भरायला शिपायाने उठवून आणलेले वीस जण आणि स्वतःहून आलेले सहा, यात सहा घ्या.

ज्यांना बरीच वर्षं काढायचीत त्यांना मुक्त विद्यापीठाकडे वळवा. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि इग्नूची अभ्यासकेंद्रं काही कारागृहांत आहेत. तुमच्या जेलात नसेल तर प्रवेशाच्या तारखा आधीच काढून ठेवा.

महिला विभागात महिलाच जातील, तिथला वेळ वेगळा मागा. पुरुषांकडचा उरलेला अर्धा तास तिकडे ढकलू नका. सहा वर्षांपर्यंतची मुलं आईबरोबर आत असतात, त्यांच्यासाठी रंगखडू-पुस्तकं न्यायची तर तीही सामानाच्या यादीत लिहून घ्या.

७) घरच्यांशी बोलणं

तिसरी यादी काढा. ज्यांना कुणी भेटायला येत नाही त्यांच्या घरी फोन, तोही बंद्याच्या लेखी संमतीने आणि जेलला सांगून. बऱ्याचदा राग नसतो, गाडीभाडं नसतं किंवा भेटीची पद्धत माहीत नसते. ई-मुलाखतीचं ऑनलाईन बुकिंग करून दिलं तरी लांबच्या गावाहून व्हिडिओवर भेट होते. मुलांच्या शिक्षणाची अडचण असेल तर जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात बालसंगोपन योजनेबद्दल विचारा. फिर्यादी घरातलीच असेल, म्हणजे बायकोने केस केलीय वगैरे, तर मध्यस्थी करायला अजिबात जाऊ नका, वकिलाला विचारा.

८) सुटकेचा दिवस

इथे सगळ्यात जास्त उपक्रम पडतात, कारण कुणी या दिवसाची तयारीच करत नाही. सुटकेचे आदेश दिवसभरात गोळा होतात, कागद तपासले जातात, दुसऱ्या केसमध्ये पाहिजे आहे का ते बघतात, आणि माणूस बाहेर येतो तो संध्याकाळी. हातात कपड्यांची पिशवी. मोबाईल पोलिसांकडे मुद्देमालात जमा. कुणाचा नंबर पाठ नाही. शेवटची एसटी गेलेली. अशा वेळी गेटवर पहिला भेटतो तो जुन्या ग्रुपमधला माणूस, बाईक घेऊन उभा असतो, आणि तो जेवायला घालतो.

म्हणून आत असतानाच प्रत्येकाला एक कार्ड द्या, जेलच्या परवानगीने. त्यावर घरचा एक नंबर, संस्थेचा नंबर, वकिलाचा नंबर, कोर्टाचं नाव, पुढची तारीख आणि केसचा सीएनआर नंबर. हा सोळा अक्षर-आकड्यांचा असतो आणि ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख दिसते. बाहेर गेटजवळच्या चहावाल्याशी किंवा पानटपरीवाल्याशी बोलून ठेवा की कुणी कार्ड दाखवलं तर आम्हाला फोन लावून द्यायचा. आमची सगळ्यात उपयोगी 'व्यवस्था' हीच निघाली, खर्च शून्य.

तपासा, सुटकेच्या आदल्या दिवशीच:
- सगळ्या केसमध्ये जामीन आहे ना? एकात राहिला असेल तर माणूस गेटवरून परत आत जातो, आणि तो धक्का फार वाईट असतो.
- रात्रीची सोय कुठे? गाव लांब असेल तर तिकिटाचे पैसे कोण देणार?
- टीबी, एचआयव्ही, मनोविकाराच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा दिवसांचा साठा आणि चिठ्ठी बरोबर आहे का?
- पोलीस ठाण्यात हजेरीची अट आहे का, कुठल्या वाराला?

रोख रक्कम हातात देऊ नका, तिकीट काढून द्या, जेवण द्या.

९) पुढचे सहा महिने

पहिलं काम नोकरी नाही, पहिलं काम पुढची तारीख. एक तारीख चुकली की वॉरंट निघतं, जामीनदार अडचणीत येतो आणि माणूस परत आत. त्यामुळे सुटलेल्या प्रत्येकाची तारीख तुमच्या वहीत, आणि आदल्या संध्याकाळी फोन.

मग काम. प्रत्येक जिल्ह्यात लीड बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते, लोक तिला आरसेटी म्हणतात. तिथे फुकट, राहण्या-जेवणासकट छोटे कोर्स चालतात. शिलाई मशीनचा नंबर आता लागतो बघा. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागणाऱ्या कंपन्यांच्या मागे सुरुवातीला वेळ घालवू नका, केस चालू असेपर्यंत तिथे अडतंच. गॅरेज, बांधकाम, भाजीचा गाळा, मंडपवाला, केटरिंग, इथे मालक तोंडओळखीवर घेतात. मालकाला केसबद्दल सांगायचं की नाही हे त्या माणसाने ठरवायचं, पण खोटं मात्र सांगायचं नाही, कारण हजेरी आणि तारखांच्या सुट्ट्या लपत नाहीत. शिक्षा भोगून सुटलेला असेल तर महिला व बाल विकास खात्याच्या परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटवा, मुक्त बंद्यांसाठीच्या अनुदानाचा अर्ज त्यांच्याकडे होतो.

हिशोब किती क्लास घेतले याचा ठेवू नका. वकील किती जणांना मिळाला, जामीन होऊन अडकलेले किती बाहेर आले, किती जणांची एकही तारीख चुकली नाही, हे तीन आकडे लिहा. देणगीदारांना मशीनचे फोटो आवडतात हे मलाही माहीत आहे, त्यांना हे आकडे दाखवत राहा, काही जण समजतात.

फोन लागेनासा झाला तर घरी धडकू नका, शेजारीपाजारी बोभाटा होतो. तारखेच्या दिवशी सकाळी साडेदहाला कोर्टाच्या आवारातल्या चहाच्या टपरीपाशी जाऊन उभं राहा. आला तर तिथेच भेटतो. नाही आला तर तिथूनच वकिलाला गाठा, पुकारा व्हायच्या आत गैरहजेरीचा अर्ज देता येतो.